कुणी न पाहिलेली भिंत

शेवटच्या हिवाळ्यात चीनमधल्या दाछिंग या तेलनगरीच्या उत्तर वसाहतीत मोजक्याच खिडक्यांत दिवा लागे. त्यातली एक ग्वान दशान यांची. बायको लेकाकडे दक्षिणेत, हायनानला गेली आणि तिकडच्या उबेत रमली. फोनवर म्हणायची, या आता. ते म्हणायचे, नवी तेलविहीर होऊ दे.

जमिनीखालच्या तेलाचं गणित मांडण्यात त्यांचा जन्म गेला. संगणकावर खडकाचे लहान लहान चौकोन पाडायचे. एकातून दुसऱ्यात तेल किती सरकतं, पाणी किती घुसतं, दाब किती उतरतो, ते काढायचं. उद्याचं सांगण्याआधी गणिताला कालचं बरोबर सांगता आलं पाहिजे, हा या कामाचा दंडक. ग्वान एका जुन्या विहिरीपाशी अडले होते. तिनं गणितापेक्षा फारच कमी तेल दिलं होतं. मग त्यांनी तिच्या शेजारी खडकात तेल अडवणारी एक भिंत कल्पिली. आकडे जुळले. भिंतीपलीकडे तेल अडकलेलं दिसू लागलं.

भिंत कुणी पाहिलीय, असं कचेरीतल्या नव्या मुलीनं विचारलं होतं. ग्वान म्हणाले, आकड्यांनी.

त्या तेलावर वसाहत तगून होती. ते निघालं तर पंप चालणार, घरं उबदार राहणार. नाहीतर सगळ्यांना शहरात हलवणार. वसाहतीतल्या मियाओ वहिनींनी आपली खाणावळ चालू ठेवली ती ग्वान यांच्या शब्दावर. ते रोज संध्याकाळी तिथंच जेवत. वहिनी चिडवायच्या, "ग्वानभाऊ, तुमच्या जमिनीपेक्षा माझ्या कढईत जास्त तेल आहे."

भिंतीपलीकडे विहीर खोदली. पाणी निघालं.

साहेबांनी सुचवलं, भिंत जरा सरकवून बघा. ग्वान यांनी सरकवली. आकडे पुन्हा जुळले. तेल आता दुसरीकडे दिसत होतं. त्यांनी भिंत आणखी लांब नेली. तरीही जुळले. कुठंही ठेवली तरी कालचं सगळं बरोबर येत होतं. मग त्यांनी भिंत पुसली आणि साहेबांना कळवलं, इथं तेल आहे असं हे गणित सांगू शकत नाही.

वसाहत हलवायचा हुकूम निघायच्या आत ते स्वतः खाणावळीत गेले. वहिनींनी नेहमीसारखे आंबट कोबीचे डंपलिंग पुढं ठेवले. ग्वान यांनी सगळं सांगितलं, भिंत सरकवून पुन्हा तेल दाखवता आलं असतं हेही.

"दाखवलं असतं तर काय झालं असतं?"

"अजून एक विहीर खोदली असती. तोवर वसाहतीचे दोन हिवाळे निघाले असते."

वहिनी समोर बसल्या. गिऱ्हाईकासमोर त्या कधी बसत नसत.

"दोन हिवाळे थोडे असतात का हो, भाऊ?"

डंपलिंग गार झाले. वहिनींनी ते उचलून नेले, गरम करून पुन्हा आणले, आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

बर्फ वितळल्यावर वहिनी लेकीकडे गेल्या. त्यानंतर, वसाहत हलेपर्यंत, ग्वान घरीच शिजवू लागले, एका माणसापुरतं.