बुधवारची प्रार्थना आणि माझी अडलेली जीभ

प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तुम्ही कधी एक डोळा किलकिला करून बघितलंय का, की पवित्र आत्मा कुणाकुणावर उतरला आणि आपल्यालाच कसा वगळून गेला? मी बघितलंय. बरीच वर्षं दर बुधवारी मी तेच करत आले.

गोव्यातल्या पार्से गावात सायमनबाबांच्या घरी आमचा प्रार्थनेचा गट जमतो. सायमनबाब केरीच्या फेरीबोटीवर होते. रिटायर झाल्यावर आम्हाला पैलतीरी न्यायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यांची बायको लुर्दिन, सावंतवाडीहून लग्न होऊन आलेली सेसिलमावशी, बेळगावकडून बांधकामाला आलेली मार्था आणि तिचा नवरा, आणि मी. माणसं एवढीच, खोली लहान, आणि उतरवायचं कुणाला, तर साक्षात आत्म्याला! किस्से साठणारच. फादरना ते सांगता येत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

*

गोवा राज्य होण्याच्या सुमाराला भाषेवरून घराघरांत तापलं होतं, तसं आमच्या गटातही. सेसिलमावशी म्हणाली, "प्रार्थना मराठीत."

लुर्दिन म्हणाली, "माझ्या घरात कोकणी. नाहीतर चहा नाही."

आठवडाभर दोघी बोलल्या नाहीत आणि बुधवारी शेजारी बसून देवाकडे शांती मागत होत्या. शेवटी सायमनबाबांनी निकाल दिला, "मागणं मराठीत, गाणं कोकणीत, आणि भांडण जिला जसं येईल तसं. आत्म्याला सगळं कळतं. तुम्हां दोघींचं काय ते त्यालाही कळत नाही."

मी त्या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही. सगळे म्हणाले, केवढी शहाणी! खरी गोष्ट अशी की मला कुठल्याच भाषेत मोठ्याने प्रार्थना करता येत नव्हती.

*

आमच्याकडे पाळीपाळीने प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची असते, आत्मा सुचवील तशी. बाकीच्यांना भरभरून सुचतं. माझी गाडी 'प्रभू'च्या पुढे सरकत नाही.

म्हणून एकदा मी घरीच तयारी केली. बांगडे साफ करता करता अख्खी प्रार्थना पाठ केली: आजारी माणसं, मुलांच्या परीक्षा, शेतीपुरता पाऊस. बुधवारी माझ्या आधी मार्थाची पाळी आली. तिने आजारी माणसं घेतली, परीक्षा घेतल्या, पाऊससुद्धा सोडला नाही.

माझी पाळी आली. सगळे थांबले. मी म्हटलं, "प्रभू, मार्था म्हणाली तसंच."

त्या दिवसाइतकं मोठं आमेन आमच्या गटात पुन्हा झालं नाही.

*

पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, आम्ही चिठ्ठ्या काढतो. आत्म्याची फळं, म्हणजे प्रेम, शांती असले गुण, कागदावर लिहून टोपलीत टाकायची. ज्याला जे फळ येईल ते त्याने वर्षभर अंगी बाणवायचं. सायमनबाबांना दर वर्षी 'सहनशीलता' यायची. एकदा वैतागून ती परत टोपलीत टाकायला निघाले, तर लुर्दिन म्हणाली, "ठेवा तीच. अजून वापरलेली नाही."

सगळे हसले. मीही खूप हसले. मग माझी चिठ्ठी उघडली: 'संयम'. दुसऱ्या हातात लुर्दिनने केलेल्या रव्याच्या केकचा तुकडा होता. तो काही पहिला तुकडा नव्हता.

*

इनासबाब आमच्या गावचे पोदेर, पाव भाजणारे. बायको केव्हाच वारली, एकच मुलगी, जेनी. तिने सिंधुदुर्गातल्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं. तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. दोघं म्हापशाला राहायला गेली. इनासबाबांनी भट्टी बंद केली आणि अंथरूण धरलं. जेवण जवळजवळ सोडलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही, पण असंच चाललं तर माणूस फार दिवस टिकणार नाही. जेनी दारात येऊन रडून गेली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

आमचा गट त्यांच्यासाठी प्रार्थना करायला जाऊ लागला. सेसिलमावशीने आत्म्याचा अग्नी मागितला. इनासबाब म्हणाले, "मी भट्टी विझवलीय. आग दुसऱ्या घरी न्या."

पुढच्या खेपेला मार्थाच्या नवऱ्याने डोक्यावर हात ठेवून इतकी लांब प्रार्थना केली की त्याचाच हात थरथरायला लागला. आम्हाला वाटलं, आत्मा आला. तेवढ्यात इनासबाबांनी विचारलं, "संपलं? मग कूस बदलतो."

*

मग एक दिवस सगळा गट डिचोलीला एका लग्नाला गेला. पाय मुरगळला होता म्हणून मी मागे राहिले. आणि नेमकी त्याच दुपारी जेनी माझ्या दारात. दिवस भरत आले होते तिचे. म्हणाली, "आंटी, बाळंतपणाआधी पप्पांना एकदा बघायचंय. मी गेले तर दार उघडत नाहीत. तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही प्रार्थना करणारी माणसं."

तिला काय सांगणार, की प्रार्थना करणारी माणसं लग्नाला गेलीत?

मी पेज घेऊन लंगडत इनासबाबांकडे गेले. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू," म्हटलं. पुढे काही येईना.

"बोल गो बाय," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले.

"सुचत नाही."

"इतरांना बरं सुचतं."

"मला नाही सुचत, इनासबाब. थोडा वेळ थांबते."

खुर्चीवर बसले. डोळे मिटले आणि आत्म्याची वाट बघू लागले. गरमी होती, पाय ठणकत होता, आदल्या रात्री नीट झोप झाली नव्हती.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. माझा दुखरा पाय कुणीतरी उचलून स्टुलावर ठेवला होता, खाली उशी घालून. पेजेचं भांडं रिकामं होतं. इनासबाब खाटेच्या काठावर बसून माझ्याकडे बघत होते.

"घोरतेस," ते म्हणाले. "जेनीची आई घोरायची तशी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडं उचलून तशीच निघाले. अर्ध्या वाटेवर आठवलं, जेनीचा निरोप सांगायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सांगायला गेले, तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, इनासबाब दाढी करून, धुतलेला शर्ट घालून पहिल्या बसने म्हापशाला जेनीकडे गेले.