भिंतीवरचा सर्व्हिस नंबर
ऑइल पेंटचा वास नाकात शिरला की माझं डोकं आजही तापतं. आदिलाबादच्या आमच्या जुन्या घराची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच होती. दोन्ही मीटर तिच्यावरच होते आणि प्रत्येकाखाली विजेचा सर्व्हिस नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, रंगाने लिहिलेला होता. ताईच्या बाळाच्या बारशासाठी भिंत रंगवली, तेव्हा पेंटरने दोन्ही नंबरांवर रंग फासला आणि मग ते पुन्हा लिहिले, पण अदलाबदल करून. आमच्या मीटरखाली शेजाऱ्यांचा नंबर आला, तरी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. भर मे महिन्यात लाइनमन शिडी घेऊन आला. बिल थकलं होतं शेजाऱ्यांचं आणि हा निघाला आमची वायर तोडायला! आईने आमची पावती दाखवली, मग तरातरा आत जाऊन मेन स्विच बंद केला. लाइनमनसमोरच्या मीटरची फिरती चकती जागच्या जागी थांबली. “पाहा आता! हे मीटर आमचं हाये का त्यायचं?” लाइनमनने चकतीकडे पाहून मान हलवली. “तुमचंच दिसून राह्यलं, अम्मा. पण आमी घर पाहून तोडत नाही, नंबर पाहून तोडतो. तुमी ऑफिसात अर्जी द्या.” आणि त्याने खुशाल वायर तोडली. उकाड्याने बाळ लालबुंद होऊन रडायला लागलं, तेव्हा शेजारीण दारात येऊन मायेने म्हणाली, “बाळाले आमच्या घरी आणा ना, आमचा पंखा चालू हाये.” परवा माझ्या घराला रंग देताना पेंटर मीटरपाशी पोचला, तेव्हा मी त्याच्या हातातला ब्रशच हिसकावून घेतला.