सात नंबरचं झाकण

माझं घर जबलपूरच्या कांचघरला, आणि फौजेतली शेवटची पोस्टिंगही जबलपूरचीच मिळाली. लोक म्हणायचे, मजा आहे बुवा तुमची, संध्याकाळी घरचं जेवण. मजा होतीच. सीमेवर अकरा वर्षं काढलेल्या माणसाला डेपोची ड्यूटी सुट्टीसारखीच वाटते. म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझ्या हातून जे झालं ते बर्फात नाही झालं, गोळीबारात नाही झालं. ते इथे झालं, घरून डबा घेऊन गेलो होतो त्या दिवशी.

डेपोच्या आत आमची स्वतःची रेल्वे लाइन होती. पाच वॅगन, माझ्या वडिलांच्या जन्माआधीच्या. दारूगोळ्याच्या पेट्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायच्या, एवढंच त्यांचं काम. बाहेरच्या गाड्यांना आता बंद बेअरिंग असतात, त्यांना कोणी रोज हात लावत नाही. आमच्या वॅगनना प्रत्येक चाकाबाहेर एक लोखंडी ऑइल बॉक्स होता. आत ॲक्सलच्या टोकावर पितळी बेअरिंग बसलेलं आणि खाली तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट, म्हणजे सुती धाग्यांचा गुंता, ठासलेलं. ॲक्सल फिरताना त्यातून तेल ओढून घेतो. वेस्ट कोरडं पडलं की पितळ तापतं, मग धूर, मग जाळ, आणि वर गोळे भरलेले. असे वीस बॉक्स मी, हवालदार देशकर, सांभाळत होतो.

माझ्यासोबत लान्स नायक हरिलाल होता. मझौलीचा, शेतकरी घरचा, कमी बोलणारा. वेस्ट चोवीस तास तेलात भिजलं पाहिजे म्हणजे पाहिजेच, असा त्याचा हट्ट. मी घाई केली की म्हणायचा, "उस्ताद, अचार है, टाइम लगेगा." तपासणीची आमची रीत ठरलेली होती. झाकण उघडायचं, बोट घालायचं, बोट ओलं निघालं तरच बॉक्सवर खडूने खूण करायची. खूण फक्त मी करायचो, आणि ती पाहिल्याशिवाय शंटरचा ड्रायव्हर इंजिन हलवत नसे.

मार्चमध्ये इन्स्पेक्शन लागलं. दिल्लीहून मोठे साहेब येणार. आता फौजेत मोठे साहेब येणार म्हटलं की जे दिसेल त्याला रंग लागतो. दगडांना चुना, झाडांना गेरू, आणि आमच्या वॅगनना काळ्या पेंटचे दोन हात. ऑइल बॉक्सही त्यातून सुटले नाहीत. झाकणांच्या फटीत पेंट भरला आणि वाळला.

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी ०७१० ला आम्ही तपासणीला लागलो. सहा झाकणं पाना लावून उघडली. सातवं हलेना.

हरिलाल म्हणाला, "उस्ताद, सात नंबर जाम है. हथौड़ा लाऊँ?"

"पेंट उखड़ जाएगा. रहने दे. इंस्पेक्शन के बाद देखेंगे."

"पिछले हफ्ते भी ये वाला रह गया था."

"रहने दे बोला ना."

तो पाना घेऊन आठ नंबरकडे वळला. मी सात नंबरवर खडूने खूण केली. काहून केली, असं लोक विचारतात. नवीन पेंटवर ओरखडा नको होता, बस. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही.

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत, ११२६ ला, गाडी चार नंबर शेडसमोर असताना दुसऱ्या वॅगनखालून निळा धूर निघाला. ड्रायव्हरने गाडी थांबवली, आणि तीच चूक झाली असं नंतर काही जण म्हणाले. मी म्हणतो, त्याची काही चूक नव्हती. शेडचं दार उघडं, आत बावीस जवान पेट्या रचत होते. मी इंजिनापाशी होतो. वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"कंट्रोल, साइडिंग. दो नंबर वॅगन, हॉट ॲक्सल. धुआँ है. लोडेड. ओव्हर."

"साइडिंग, कंट्रोल. फायर टेंडर आठ मिनट. शेड खाली करो. सब तीन सौ मीटर पीछे. ओव्हर."

मी ओरडलो. जवान मागच्या दाराने पळत सुटले. वॅगनखाली आता जाळ दिसत होता आणि वॅगनच्या लाकडी फळीचा पेंट फुगत होता. फळीच्या आत गोळे. आठ मिनिटं ती फळी टिकली नसती, हे मला कळत होतं. हरिलालला माझ्याआधी कळलं. तो हातोडा आणि वेस्ट ओढायचा आकडा घेऊन वॅगनकडे निघाला होता.

"हरिलाल, पीछे! ऑर्डर है!"

त्याने वळून पाहिलं. "सात नंबर है, उस्ताद," एवढंच बोलला.

तीन घाव घातले. झाकण उडालं, हवा आत गेली आणि जाळ भपकन त्याच्या तोंडावर, छातीवर आला. अंगातली कामाची डांगरी आमची तेलकटच असते, ती पेटली. तरी त्याने आकडा आत घातला आणि जळतं वेस्ट एकदा, दोनदा ओढून रुळांवर पाडलं. मी चाळीस पावलांवर होतो. पोचलो, त्याच्यावर ब्लँकेट टाकलं, मग बॉक्सवर वाळूच्या बादल्या ओतल्या. ११३१ ला आग विझली. त्या दुपारी बावीसच्या बावीस जवान जेवायला लंगरमध्ये बसले. हरिलाल मिलिटरी हॉस्पिटलमध्ये सहा दिवस जगला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं खरं सांगितलं आणि शिक्षा घेतली. पण त्याच्या घरी जे पत्र गेलं त्यात कर्तव्य होतं, शौर्य होतं, माझी खूण नव्हती. मझौली इथून दीड-दोन तासांची वाट. मी चार वर्षं गेलो नाही. लाज वाटत होती, आणि भीतीही. रिटायर झाल्यावर एक दिवस बूट घालायला बसलो तर बायको म्हणाली, "आज काहून मझौलीला जाऊन राहिले?" तिलाही कधी सांगितलं नव्हतं; मी नाडी बांधली आणि निघालो.

हरिलालची बायको कमला स्वयंपाकघरात होती. मी उभ्यानेच सांगितलं, पहिल्यापासून, पेंटसकट. माझं संपल्यावर तिने गॅस बंद केला.

"हमको मालूम है, भैया. अस्पताल में तीसरे दिन उन्होंने बता दिया था. बोले, उस्ताद खुद आएँगे बताने, तब तक तू किसी से मत कहना." ती माझ्याकडे वळली. "चार साल मैं चुप रही. उनकी अम्मा रोज पूछती हैं, ऐसा कैसे हुआ. रोज."

तिने पदराने हात पुसले आणि अंगणाच्या दाराकडे बोट दाखवलं.

"बाहर बैठी हैं. उनको आप ही बताइए."

मी बाहेर गेलो. म्हातारी खाटेवर मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "अम्मा, मैं लान्स नायक हरिलाल का उस्ताद हूँ." तिने हातातली शेंग खाली ठेवली.