फिरवायच्या राहिलेल्या प्लेट्स

माझा नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे भरल्या ताटावरून उठू नये हा नियम आमच्या घरात पहिल्यापासून धाब्यावर बसवलेला. ब्रिस्टलमधल्या त्या फिलिपिनो रेस्टॉरंटचा शोधही त्याच्याच वॉर्डातल्या नर्सेसमुळे लागला. नवरा, बायको आणि त्यांची मुलगी मिळून ते चालवायचे. टेबलांवर प्लास्टिकची कव्हरं, कोपऱ्यात कॅरिओकीचं मशीन, आणि आतून येणारा तळलेल्या सुक्या मासळीचा वास. तो वास आला की माझा कोकणातला नवरा खूश. हाताने भात कालवून खायचा आणि कोणी वळून बघायचं नाही. त्यांचं चिंचेचं आंबट सूप म्हणजे आपली आमटीच, फक्त हे लोक गूळ घालायला विसरतात, असं तो मालकिणीला दर वेळी सांगायचा. ती त्याच्यावर हातातलं फडकं उगारायची. नर्सेस तिला 'आते' म्हणायच्या, म्हणजे ताई. आम्हीही तेच म्हणू लागलो.

जेवताना त्याला फोन यायचाच. तो उठला की आते असेल तिथून धावत यायची आणि आमच्या टेबलावरच्या सगळ्या प्लेट्स जागच्या जागी गोल फिरवायची. जेवण अर्धं टाकून कोणी निघालं, तर मागे राहिलेल्यांनी प्लेट फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो, असं त्यांच्यात मानतात. मला हसू यायचं.

"आते, तो काही मनिलाला नाही चाललाय," मी म्हणायचे. ती ऐकायची नाही.

त्या रविवारी दुपारी तिथे कुणाच्या तरी बाळाच्या बाप्तिस्म्याची पार्टी होती. आम्हाला कसंबसं दाराजवळचं टेबल मिळालं. आते स्वयंपाकघरात अडकलेली. नवऱ्याचा फोन वाजला.

"आलोच. माझे लुम्पिया खाऊन टाकू नकोस हं," प्लेटमधल्या तळलेल्या रोल्सकडे बोट दाखवून तो म्हणाला आणि गेला. मी खाल्ले. गार झाले असते.

तो वॉर्डपर्यंत पोचलाच नाही. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीतच हार्ट अटॅकने गेला.

फ्युनरलला सगळे आले. वॉर्डातले आले, आमचे मराठी लोक आले, ज्याच्याशी कुंपणावरून भांडण होतं तो शेजारीसुद्धा आला. आते आली नाही. मला ते फार लागलं. एवढी माया दाखवणारी बाई, आणि वेळेला पाठ दाखवते? कित्येक महिने मी त्या रस्त्याने गेले नाही. मग एक दिवस राहवेना. तिला जाब विचारायचाच, असं ठरवून तडक आत शिरले.

मला बघून ती स्वयंपाकघरात पळाली. मुलीने ढकलून बाहेर पाठवलं तेव्हा टेबलाशी येऊन उभी राहिली. बसेचना.

"त्या दिवशी मी पार्टीच्या ऑर्डर्स काढत होते," ती म्हणाली. "तो उठून गेलेला मला कळलंच नाही. प्लेट्स कुणीच फिरवल्या नाहीत. आय कुडन्ट फेस यू."

माझा राग जागच्या जागी गळाला. त्याच्या हृदयाच्या नळ्या आधीपासूनच ब्लॉक होत्या, कुणाच्याच हातात काही नव्हतं, असं मी तिला समजावलं. "आय नो, आय नो," म्हणत ती मान हलवत राहिली, पण वर बघेना.

"मी फिरवल्या होत्या," मी म्हणाले. "माझी आणि त्याचीही. तू करायचीस तशाच."

"शुअर?"

"देवाशपथ."

धादांत खोटं. पण ती मटकन खुर्चीत बसली आणि माझे दोन्ही हात धरून ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून माझ्यासाठी सूप आणायला उठली. जाता जाता मुलीवर ओरडलीसुद्धा, अगदी पूर्वीसारखी.

मी तिथेच बसून राहिले. त्या क्षणापर्यंत प्लेट्सचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी सायन्स शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण आता जेवायला बसले की रोज वाटतं, नुसता हात पुढे करायचा होता. एवढंच तर करायचं होतं. तिला सांगायला निदान मी होते. मला असं खोटं कोण सांगणार?