रॅकमागचा ठिपका

गोदामात तिला सगळे 'ठिपकेवाली' म्हणत. हातात फोन धरून ती एकेका जागी उभी राहायची आणि छताला लावलेल्या वायफायच्या कुठल्या डब्याचा सिग्नल तिथे किती जोरात येतो, ते टिपून घ्यायची. सगळं गोदाम असं पालथं घातलं की पुढे आतला कोणाचाही फोन ऑफिसातल्या नकाशावर ठिपका होऊन दिसणार होता. काम कंटाळवाणं होतं. पण मोठी बहीण गेल्यापासून तिला कंटाळासुद्धा धड येत नव्हता.

बहिणीचा नवरा, तिचे दाजी, त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. एकेकाळी बोलघेवडा माणूस. घरात ते शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. हल्ली समोरासमोर आली तरी दोघं नुसती मान हलवायची.

चाचणी सुरू झाली, तेव्हा एक ठिपका दुपारभर शेवटच्या रॅकमागे भिंतीला चिकटलेला दिसला. तिथे मोडक्या फळ्यांशिवाय काहीच नव्हतं. लोखंडी रॅकवर आपटून सिग्नल भरकटतो, हे तिला माहीत होतं. चूक दुरुस्त करायची म्हणून ती तिकडे गेली.

दाजी पालथ्या खोक्यावर बसले होते.

"बरं नाही का, दाजी?"

"बराय की. बसलोय जरा."

"रोज?"

"रोजच. घरी बसलं की शेजारीपाजारी येतात. जेवलात का, झोप लागली का. इथे कोणाला पत्ता लागत नाही."

"आता लागतो," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

पूर्वीचे दाजी यावर खो खो हसले असते. आता ते "अस्सं" म्हणाले आणि बाजूचं खोकं पायानेच तिच्याकडे सरकवलं. ती बसली. बहिणीचा विषय कोणी काढला नाही. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं; आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा कोपऱ्यातला ठिपका खरा, की तुमची चूक?"

चूक म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

"खरा आहे," ती म्हणाली.

कामाच्या वेळेत बसून राहतात म्हणून दाजींची फोर्कलिफ्ट काढून घेतली आणि त्यांना पॅकिंगच्या टेबलावर, माणसांच्या गर्दीत बसवलं. संध्याकाळी फाटकापाशी तिने त्यांना गाठलं.

"मीच सांगितलं, दाजी."

"विचारल्यावर सांगणारच की."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि लगेच विझूनही गेलं.

टेबलावरच्या बायका दिवसभर बोलायच्या. दाजी खोक्यांना चिकटपट्टी लावत ऐकायचे. हळूहळू ते हो-नाही म्हणू लागले. गोदामाचं काम संपल्यावर तिला दुसऱ्या इमारतीत पाठवलं.

सुट्टीच्या दिवशी ती अजून दाजींकडे जाते. टीव्ही लावलेला असतो, बघत कोणीच नसतं. परवा त्यांनी विचारलं, "आवाज वाढवू का?"

ती म्हणाली, "वाढवा."