आक्कांनी सोडलेला गहू

आक्का आमच्या धुळ्याच्या घरी आल्या की चपला दारात काढायच्या आणि थेट स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याकडे जायच्या. आधी पाणी नाही, चहा नाही. झाकण उघडायचं, चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि निकाल द्यायचा. "हाई पीठ पोळीनं शे, बट्टीनं नही." लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या डब्याला नापास केलं. माझं माहेर दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतलं, तिथे सगळ्या जिल्ह्यांची माणसं, त्यामुळे अहिराणी मला धड कळायची नाही. पण नापास झाल्याचं कोणत्याही भाषेत कळतं.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हेमंतच्या, आत्या. हेमंत लहान असतानाच त्याची आई गेली. आक्का तेव्हा विधवा होऊन शिंदखेड्याजवळच्या गावी भावाकडे परतल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनीच हेमंतला वाढवलं. नात्याने आतेसासू, पण सासूचे सगळे अधिकार त्यांच्याकडे होते आणि ते वापरायला त्या मुळीच लाजायच्या नाहीत.

गावात त्यांना मान होता तो बट्टीमुळे. आमच्याकडे जावळ असो की नवस, वरण-बट्टीशिवाय कार्य पार पडत नाही. गव्हाच्या जाडसर पिठात थोडा मका, ओवा, हळद घालून घट्ट मळायचं, गोळे उकडायचे, कापून तळायचे आणि तुरीच्या वरणात चुरून वर तुपाची धार. कार्य कोणाचंही असो, परातीपुढे आक्का बसलेल्या. "आम्हले सनवारलेच गहू भेटे," त्या सांगायच्या. "बाकी सालभर ज्वारी नि बाजरी. मना बाप बट्टीना पयला घास माले दे, मंग भाऊले." मुलीला आधी घास देणारा बाप त्या काळात विरळाच, आणि सांगताना आक्कांचा आवाज दरवेळी जरासा बदलायचा. कोणावर जीव आहे हे दाखवायची त्यांची एकच रीत होती, गव्हाचं करून घालायचं.

आणि आमच्या पदरात मुलगी पडली ती गहू न चालणारी.

मनू दोन वर्षांची होईपर्यंत बाळसेदार होती. मग पोट फुगायला लागलं, हातपाय काटकुळे झाले, केस विरळ. खाल्लेलं अंगी लागेना. जुलाब थांबेनात. धुळ्यातले डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, जंताची औषधं झाली. शेवटी नाशिकला दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासला आणि आजाराला नाव मिळालं, सिलिअॅक. गव्हातला एक घटक तिच्या आतड्याला सोसत नव्हता. गहू, मैदा, रवा, जव सगळं बंद. "किती दिवस?" हेमंतने विचारलं. "कायमचं," डॉक्टर म्हणाले. "याला औषध नाही. न खाणं हेच औषध."

त्या दिवसापासून मी घरातली फौजदार झाले. गिरणीत कोणाच्या तरी गव्हावर आपली ज्वारी दळली जाते, म्हणून घरघंटी घेतली. मनूचा तवा वेगळा, परात वेगळी. शेवया गेल्या, बिस्किटं गेली, बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर हिंगही गेला. शेजारपाजारी कोणी मनूच्या हातावर प्रसाद ठेवला की माझा हात आधी पुढे जायचा. लोक मला विचित्र म्हणायचे, आणि मी होतेच.

आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. मग मनूला मांडीवर ओढून म्हणाल्या, "सासरी काय खाशी वं बेटा?"

"भात," मनू म्हणाली.

मला हसू आलं. आक्कांना आलं नाही. त्यांनी तिच्या विरळ केसांवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. त्यांच्या हातात जे एकच देण्यासारखं होतं, ते या पोरीला विष ठरलं होतं. माझा त्यांच्यावर राग असायचा, नाही असं नाही. पण त्या दिवशी मला त्यांची कीव आली.

गहू बंद झाल्यावर मनू सुधारली. गाल भरले, केस दाट झाले, जिना धावत चढू लागली. ती पाच वर्षांची झाली त्या सुमारास आक्का गावाहून आल्या त्या नाचतच. त्या दिवशी पिठाचा डबासुद्धा त्यांनी उघडला नाही. "नवस फेडाना शे," त्या म्हणाल्या. मनू आजारी असताना त्या कोणाला न सांगता गावच्या देवीकडे गेल्या होत्या. पोरगी बरी झाली तर तुझ्यासमोर वरण-बट्टीचं जेवण घालीन आणि बट्टीचा पहिला घास तिच्या तोंडात देईन, असं बोलून आल्या होत्या.

गव्हाने आजारी पडलेल्या मुलीसाठी गव्हाचा नवस. हे आमच्या घरातच होऊ शकतं.

"आक्का, ती बरी झाली ती गहू सोडल्यामुळे," मी म्हणाले. "पुन्हा दिला तर पुन्हा तेच."

"देवीले सबद दियेल शे मी. तो मोडा तं कोनावर येई? तिनावरच येई ना?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या हट्टाला पेटल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही. हेमंत मधल्यामध्ये सापडला. तो रोज नरडाण्याला कंपनीत जायचा तो घरातून सुटका झाल्यासारखा. एकदा मला म्हणाला, "नखाएवढा तुकडा. त्यांच्या समाधानासाठी." मी म्हटलं, "तुमची मुलगी आहे, त्यांचं समाधान नाही." त्यानंतर आम्ही नीट बोललोच नाही. घरात सगळ्यांना एकाच पोरीची काळजी होती आणि त्या काळजीनेच घर फाटत चाललं होतं.

जेवण ठरलं. मी जायचं कबूल केलं ते मनूला एकटीला पाठवायचं नाही म्हणून. देवीचं देऊळ गावाबाहेर, कापसाच्या शेतांपलीकडे. भाऊबंद जमले होते. आक्कांनी पहाटेपासून बट्टी केली होती, आणि खोटं कशाला बोलू, तुपाच्या त्या वासाने मलाही भूक लागली. मनूला नवा फ्रॉक घालून पाटावर बसवलं. आक्कांनी देवीला नैवेद्य दाखवला, बट्टीचा एक तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तिच्यासमोर बसल्या. मी पुढे होऊन मनूच्या खांद्यावर हात ठेवला. चुलत सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते मागून म्हणाले, "सूनबाई, नवस अर्धा ठेवतस नही. लेकरूवर येस."

मी मनूला उचलणार, तेवढ्यात ती आक्कांकडे बघून म्हणाली, "आक्का, मग माझं पोट दुखेल. तू दाबून देशील ना?"

तिने नाही म्हटलं नव्हतं. आक्कांनी दिलं असतं तर तिने खाल्लं असतं.

आक्कांचा हात तसाच थांबला. तूप मनगटावरून ओघळलं. मग त्या उठल्या, तो तुकडा देवीच्या पायाशी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माय, हाऊ घास मी पोरले देऊ शकत नही. तुले काय लेनं ते मनं ले. आजपाइन मी गहू सोडा."

काशीला जाऊन लोक आवडती वस्तू देवाला सोडतात, पण ती एखादी भाजी, एखादं फळ. आक्कांनी गहू सोडला. त्या पंगतीत सगळ्यांनी त्यांच्या हातची बट्टी खाल्ली, आणि आक्का मी मनूसाठी नेलेली कळण्याची भाकरी तिच्याबरोबर खात बसल्या. ज्वारी-उडदाची ती काळसर भाकरी त्यांनी मोडली, मोठा तुकडा मनूच्या ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "मोठं तुनं, धाकलं मनं."

मला वाटलं, महिनाभर टिकेल. पण आक्का टिकल्या. लग्न असो, बारसं असो, त्या फडक्यात कळण्याची भाकरी बांधून आणायच्या, मनूला घेऊन पंगतीच्या टोकाला बसायच्या आणि तेच म्हणायच्या, "मोठं तुनं, धाकलं मनं." भाकरीसाठी आमच्या घरी दळलेलंच पीठ न्यायच्या. पुढे त्यांनी बट्टी करायचंही बंद केलं. "हातले पीठ लागेल ऱ्हास. पोरले कसा हात लावू?" एवढंच कारण. बायका आधी समजूत काढायच्या, मग कुजबुजायला लागल्या, आणि मग कार्याला परातीपुढे दुसरंच कोणी बसू लागलं. आक्कांना ते लागलं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कोणाच्या घरी बट्टी तळायला लागली की त्या उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायच्या.

एकदा मनूने तिथेच त्यांना विचारलं, "आक्का, तुला खावंसं नाही वाटत?"

"वाटस ना वं. जीव तठेच जास."

"मग काय करतेस?"

"मंग तुनं तोंड दखस."

मी आई. मनूसाठी मी काय केलं नव्हतं? पण तिच्यासमोर मी पोळी खातच होते. पंगतीत तिच्यासारखंच, तिच्या शेजारी, वंचित बसावं हे मला सुचलं नव्हतं. मला ते टोचायचं, म्हणून मी कधीकधी आक्कांवर उगाच चिडायचे.

दरवर्षी त्या मला हळूच विचारायच्या, "आते तरी तिले चालस का?" आता तरी तिला गहू चालतो का. त्यांना वाटायचं, आपण सोडला आहे, कधीतरी देवी तिला परत देईल. मी विषय टाळायचे. शेवटी एकदा सांगून टाकलं, "आक्का, हे जन्मभर आहे. ते जात नाही." त्यांनी निवडायला घेतलेली डाळ खाली ठेवली. मग पुन्हा सूप हातात घेतलं आणि म्हणाल्या, "मंग मनं बी जनमभर."

गेल्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या. धुळ्याच्या दवाखान्यात चहाबरोबर बिस्किट आलं की तोंड घट्ट मिटायच्या. अंगात काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, आता खा. मनू बरी आहे."

"मी खात नही म्हनीसनच ती बरी शे."

इतकी वर्षं घरघंटीपुढे उभी राहिले मी, आणि श्रेय घेऊन चालली देवी. एरवी मी तसं ऐकवलं असतं. त्या दिवशी मी भाकरी दुधात कुस्करली आणि चमच्याने भरवली. दोन चमचे गेले. त्यानंतर काही गेलं नाही, आणि दोन दिवसांनी आक्काही गेल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घागर पुजतात आणि गेलेल्या माणसांच्या नावाने निखाऱ्यांवर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. यंदाची आक्कांची पहिली आखाजी. गावच्या घरात सगळे जमले होते. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, सांजोऱ्या झाल्या. हेमंतने पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि आक्कांचं नाव घेतलं.

"पप्पा, थांबा," मनू म्हणाली. "आक्काला गहू चालत नाही."

नाना समजावू लागले, "बेटा, मानूस गया, नवस फिटना. आते तिले बठ्ठं चालस." आता तिला सगळं चालतं. मनूने ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. हेमंतने माझ्याकडे पाहिलं. त्याने तो तुकडा ताटात परत ठेवला आणि पाटावरून बाजूला सरकला.

मनूने आपला डबा उघडला. त्यात मी सकाळी दिलेली कळण्याची भाकरी होती. तिने ती मोडली, दोन्ही तुकडे एकमेकांशेजारी धरून नीट पाहिले, लहान तुकडा डब्यात ठेवला आणि दुसरा निखाऱ्यांवर.

मनू शहरात वाढलेली. अहिराणी ती समजते, बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"मोठं तुनं, आक्का," ती म्हणाली.