गाड्यांना भिणारे वकीलचाचा

"पोरीचा आवाज निघंना, अन् म्हणं केस लढायची!"

बाकावर माझ्या पलीकडे बसलेला टेम्पोवाला शेजारच्या माणसाला हळूच म्हणाला. हळूच, पण मला ऐकू येईल इतपत. अहमदपूरच्या कोर्टासमोर, रस्त्याच्या अलीकडे वकीलचाचांचं पत्र्याचं ऑफिस होतं. चाचांनी मला दुसऱ्यांदा नाव विचारलं होतं आणि दुसऱ्यांदाही ते टेबलापलीकडे पोचलं नव्हतं. शेवटी बाबांनी तोंड उघडलं. चाचांनी हात वर केला.

"गाडी तुम्ही चालवत होता का, साहेब?"

"नाही. मुलगी चालवत होती."

"मग नावबी तिलाच सांगू द्या."

चाचा फक्त गाड्यांच्या केसेस घेत. विनालायसन्सवाले, दारू पिऊन पकडलेले, कुणाला तरी धडक देऊन कोर्टाची पायरी चढलेले ट्रकवाले, काळीपिवळीवाले, सगळ्यांचे वकील तेच. आणि स्वतः मात्र गाड्यांना भयंकर भ्यायचे. सायकलवरसुद्धा कधी बसले नाहीत. ऑटोत बसले की पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घेत. कोर्टात जायला समोरचा रस्ता ओलांडावा लागे, तेव्हा त्या दिवशीच्या अशिलाचा हात धरत. ज्याच्यावर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा, त्याच्याच आधारानं काळ्या कोटातले चाचा रस्ता ओलांडत आहेत, हे दृश्य गावाला सवयीचं होतं. "धर बेटा नीट, तुला गाड्यांची पारख हाय," असं ते त्या ड्रायव्हरला अगदी मनापासून म्हणत.

त्या दिवशी कोर्टात जाताना माझा हात धरण्याआधी त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात पुढे केला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. माझीही होती.

माझी केस साधी होती, असं सगळे म्हणत. मी बाबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी नांदेडहून लातूरला नेत होते. अहमदपूरच्या अलीकडे, माझ्याच बाजूनं, समोरून एक मोटारसायकल आली. मागे कडब्याचा भारा. मी ब्रेक दाबला, आवाज झाला आणि त्या माणसाचा पाय मोडला. मी थांबले. लोकांच्या मदतीनं त्याला आमच्याच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथंच पोलिसांनी माझं नाव लिहून घेतलं. बाबांना गाडीत झोप लागली होती. घडलं ते पाहिलं मी एकटीनंच.

"उचलून कशाला नेलंस? नेलंस म्हणजे चूक तुझीच," असं आमच्या नात्यातल्या प्रत्येकानं मला ऐकवलं. चाचांना हे सांगितल्यावर ते हसले. "हाव, असा कायदा हाय इकडं. लोकांचा. कोर्टाचा अजून तसा झाला न्हाई."

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी कागद मी सावकाश वाचते. त्या कागदांवर माझ्या नावापुढे 'आरोपी क्रमांक एक' असं होतं. दोन कुणीच नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'भरधाव वेगात व निष्काळजीपणे.' हे शब्द मी इतक्या वेळा वाचले की हळूहळू मला ते आठवायलाच लागले. वाटायचं, खरंच वेगात होते का मी? दारात कुणी मोटारसायकल उभी केली तरी मी आतल्या खोलीत निघून जायचे. माझी स्कूटी तशीच धूळ खात पडली. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चालू होता, पण अर्जात एक प्रश्न असायचा, तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? त्या रकान्यापाशी माझा हात थांबायचा.

बाबांचं म्हणणं एकच होतं. "हो म्हणून टाक. दंड भरू अन् मोकळे होऊ. कोर्टात पुन्हा पुन्हा कोण उभं राहणार? तुला तर दुकानदाराला भाव विचारायचीसुद्धा भीती."

ते खरं होतं. म्हणून चाचांना मीच म्हणाले, हो म्हणते.

चाचांनी चष्मा काढला. "केलं असशील तर खुशाल म्हण बेटा, मी संगं उभा ऱ्हातो. केलंस का?"

मी टेबलावरच्या कागदातलं 'भरधाव वेगात' पुन्हा वाचलं.

चाचांची एक रीत होती. अशिलाची हकिगत ते ऑफिसात ऐकत नसत, जिथं घडलं तिथं जाऊन ऐकत. आम्ही तिघं एसटीनं, अपघात झाला त्या फाट्यावर उतरलो. ट्रक गेला की चाचा कडेच्या दगडाला धरून डोळे मिटत. कपाळावरून घाम वाहत होता. तशाच अवस्थेत त्यांनी विचारलं, "तू कुठं होतीस?"

मी बोटानं दाखवलं.

"बोटाला कोर्ट विचारत न्हाई. बोल."

मी बोलले.

"ऐकू येईना! ट्रक चाललाय. मोठ्यानं!"

"मी या बाजूला होते!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर ओरडले. "माझ्याच बाजूला! तो समोरून आला, उलटा!"

"हां," चाचा म्हणाले. "आता आला आवाज."

एवढ्यात आमच्या समोरून, आमच्याच बाजूनं, एक मोटारसायकल उलटी आली आणि शेताच्या वाटेला वळली. मागोमाग दुसरी. रस्त्याला मध्ये दुभाजक होता आणि वळायला जागा बरीच पुढं होती, तेवढा वळसा कोण घालणार? बाबा डोळे बारीक करून बघत राहिले.

"त्या माणसाचा पाय मात्र खरंच मोडलाय," परत येताना चाचा म्हणाले. "त्याला वाईट बोलायचं न्हाई. तू कुठं होतीस, तेवढंच सांगायचं."

मी धीर करून विचारलं, "चाचा, तुम्ही गाड्यांना एवढे का भिता?"

"पंचनामे वाचून वाचून. आता हरेक गाडी मला तिच्या पंचनाम्यासकट दिसती."

"मग इथं कशाला आलात?"

"भीत भीतच आलो ना. पण आलो."

तारखेच्या आधीच्या आठवड्यात चाचा गेले. घरीच, झोपेत. त्यांच्या ज्युनिअर वकिलांनी फोनवर सांगितलं की, जनाजा रस्ता ओलांडताना टेम्पोवाल्यांनी आणि ट्रकवाल्यांनी आपापल्या गाड्या आडव्या लावून दोन्हीकडची वाहतूक थांबवून धरली. एकानंही हॉर्न वाजवला नाही.

तारखेला पत्र्याच्या ऑफिसासमोर आम्ही दोघंच उभे होतो. बाबा म्हणाले, "आता चाचा नाहीत. ऐक माझं, हो म्हण." समोरून एसटी गेली, मागून ट्रक आला. बाबांना नीट दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला.

कोर्टात ज्युनिअर वकील उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "मी आहे. पण मॅडम विचारतील ते तुम्हालाच." पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट मॅडमनी गुन्ह्याचा तपशील वाचला, भरधाव वेगात व निष्काळजीपणे, आणि वर न बघता विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

लाकडी कठड्यावर माझी बोटं गार पडली होती. मी काहीतरी बोलले.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं."

मागच्या बाकावर बाबा होते. बाहेर एक ट्रक जात होता. तो जाईपर्यंत थांबावं असं मला वाटलं, पण मी थांबले नाही.

"नाही, मॅडम. मी माझ्याच बाजूला होते. मला गुन्हा कबूल नाही."